वाघाची चाल

पिसं बांधताना सार्वीला गुणगुणायची सवय होती. ती तिच्या आईची सवय, आणि आईला ती तिच्या आईकडून आलेली.

पिसावर पीस बांधिते, डोळ्यावर डोळा गं,
वाघाच्या शिरावरी मोर बसला भोळा गं.

पडवीत बांबूचा सांगाडा आडवा पडला होता. त्याच्या तळाशी वाघाचं डोकं, लाकडात कोरलेलं, कातड्यानं मढवलेलं, तांबड्या जबड्याचं. डोक्याच्या वर माणसापेक्षा उंच असा मोरपिसांचा पंखा. पावसाळ्यात कसर लागलेली पिसं काढून सार्वी नवी बांधत होती. हे सगळं धूड भाताच्या भरल्या पोत्याइतकं जड, आणि ते उचलायचं दातांनी आणि मानेनं. हात नुसते बांबूला धरून तोल सांभाळायला. जबड्याच्या आतल्या बाजूला वेत गुंडाळलेली एक लाकडी दातकांडी बसवलेली असते. ती दातांत घट्ट धरायची, मान ताठ करायची आणि ढोल सांगेल तसं नाचायचं. पोनोरोगोकडच्या त्या गावात असं नाचणाऱ्याला लोक वाघच म्हणत. सार्वीचा नवरा जेमादी मिसरूड फुटल्यापासून वाघ होता.

तिनं डोळे वर केले तेव्हा जेमादी अंगणातून येत होता. पाय फाकलेले, गुडघे ताठ. प्रत्येक पाऊल तो जमिनीवर दाबून टाकत होता, जणू खाली जमीन आहे की नाही याचीच त्याला खात्री नव्हती. मधूनच अंग एका बाजूला झुलायचं. डाव्या पायातली चप्पल पार फाटकापाशी राहिली होती.

"अहो, चप्पल."

"कसली चप्पल?"

"पायातली. एकच आहे पायात."

जेमादीनं खाली पाहिलं. पाहिल्यावर त्याला कळलं. तापलेल्या फरशीवर उघडा तळवा टेकवून उभा होता आणि त्याला काही भाजत नव्हतं. तो कसनुसा हसला. "बघ, म्हातारपण."

रस्त्यापलीकडे तुनची कॉफीची टपरी. तुन बाई मोठ्या गळ्याची, तिच्या तोंडून कुणी सुटायचं नाही.

"ए सार्वी! चपला कसल्या मोजतेस? वाघाला कुणी चपला घालतं का?" टपरीवरची माणसं हसली. "चाल बघ की त्याची. उतरला गं बाई, पायांत उतरला! नीट खायला घाल हो आता, नाहीतर तुलाच खाईल."

"मी कडू आहे, मला नाही खायचा," सार्वी म्हणाली. तोंडानं हसली, पण हातातला दोरा गच्च आवळला गेला आणि एक चांगलं पीस मधोमध मोडलं.

गावाला ही चाल ओळखीची होती. लोक म्हणत, जो खरा असतो त्याच्यात वाघ हळूहळू उतरतो. आधी पायांत, मग हातांत. मग एक दिवस तो बसतो, आणि बसलेला वाघ म्हणजे गावाचं भाग्य. मशिदीजवळच्या घराच्या पडवीत म्बाह कासेन असाच बसून होता. जेमादीचा गुरू. आजोबा या नात्यानं सगळं गाव त्याला म्बाह म्हणे. त्याची बोटं आत वळली होती, नखं तळव्याला टेकलेली. बाया मुलांना दाखवायच्या, "बघ, पंजे." कुणाच्या घरी लग्न निघालं की पहिली कॉफी त्याच्यापुढे जायची. तरुण पोरं त्याच्या जुन्या चालीची नक्कल करायची, पाय फाकून, झुलत झुलत. त्यांना वाटे, चाल आधी आली की वाघ मागून येईल.

सार्वीही याच गावची. तिनंही लहानपणी म्हाताऱ्याच्या त्या वळलेल्या बोटांना हात लावून डोळ्यांना लावला होता.

* * *

जेमादीची मान आधी खूप दुखायची. सकाळी उठला की मान वळवायची सोय नसे, सगळं अंग वळवावं लागे. मागं मस्तकापर्यंत कळ, खांद्यातून दंडात कळ. मग तो साकिरकडे जाऊ लागला. साकिर हाड बसवणारा, त्याचा हात लोखंडासारखा. नारळाचं तेल लावून तो मान चोळायचा, हनुवटी धरायचा आणि एका झटक्यात मान फिरवायचा. कडाड असा आवाज झाला की बघे दाद देत. एके दिवशी दुखणं गेलं. जेमादीनं साकिरला जिवंत कोंबडा नेऊन दिला.

पण त्याच सुमाराला सार्वीच्या ध्यानात दुसरंच काही यायला लागलं. लवंगी सिगारेट त्याच्या बोटांतून गळायची. भात खाताना शितं सांडायची आणि तो ताटाकडे असा बघायचा, जणू ताटानंच ती सांडली. शर्टाची बटणं लावायला त्याला इतका वेळ लागे की तो शर्ट डोक्यावरून घालायला लागला. मग एका शुक्रवारी नमाजाहून आला आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला.

"काय झालं?"

"काही नाही." मग थोड्या वेळानं, "सजद्यात डोकं टेकलं ना, की पाठीतून वीज जाते. मानेपासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत."

"दुखतं?"

"दुखत नाही. नुसती जाते." तो खाली बघत म्हणाला, "लोक म्हणतात तेच असेल. उतरत असेल."

त्याच्या आवाजात भीती होती का अभिमान, ते सार्वीला कळलं नाही. दोन्ही असावं. तिला मात्र रात्रभर आपल्या शेजारी कुणी तिसरंच निजलंय असं वाटत राहिलं.

मुलगी वेनिंग लग्न होऊन शेजारच्याच वस्तीत राहायची. तिनंच हट्ट धरून दोघांना शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण वयानं वेनिंगएवढी, बारीक अंगाची, पण बोलणं ठाम. तिनं जेमादीला दोन्ही हात पुढे करून मुठी उघडायला आणि मिटायला सांगितलं, जमेल तितक्या भरभर.

जेमादीनं मूठ मिटली. उघडायला लागला. बोटं एकेक करून, जाड दोरीचे पीळ सुटावेत तशी उघडली. करंगळी बाकीच्यांपासून लांब जाऊन उभी राहिली, काही केल्या जवळ येईना. डॉक्टरणीनं मग त्याच्या मधल्या बोटाच्या नखाला हलकी टिचकी मारली. अंगठा आपोआप उडाला. कुणी न सांगता. सार्वीला वाटलं, आत खरंच कुणीतरी आहे.

"सरळ रेघेवरून चाला, टाचेला चवडा लावून."

जेमादी दुसऱ्याच पावलाला भिंतीवर गेला.

मानेचं चित्र काढून आणल्यावर डॉक्टरणीनं ते उजेडासमोर धरलं. एकावर एक रचलेले मणके, आणि त्यांच्या मागून खाली उतरणारी एक फिकट दोरी. एका जागी ती दोरी कुणी चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती.

"मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात," ती म्हणाली. "वय झालं की सगळ्यांच्याच सुकतात, माझ्याही सुकतील. यांच्या मानेनं ओझं फार वाहिलं, म्हणून यांच्या लवकर चपट्या झाल्या. मग हाडं स्वतःला सावरायला बाजूनं कंगोरे काढतात. त्या कंगोऱ्यांनी ही मधली नळी अरुंद झालीय. मेंदूचा सगळा हुकूम या दोरीतून खाली जातो. चालायचा, धरायचा, लघवी अडवायचा."

"पण आता दुखत नाही की," जेमादी म्हणाला. "साकिरनं बरी केली."

"शिरेवर दाब आला की दुखतं, काका. दोरीवर दाब आला की दुखलंच पाहिजे असं नाही. नुसतं एकेक काम बंद पडत जातं." तिनं चित्र खाली ठेवलं. "पुष्कळांना नुसती झीज असते. त्यांना शेक, मानेचे हलके व्यायाम, बेताची उशी, कामाची पद्धत बदलणं एवढ्यावर भागतं. तुमचं त्याच्या पुढे गेलंय. हाड कोरून त्या दोरीला जागा करून द्यावी लागेल. लवकर. तोवर हा पट्टा गळ्याला. डोक्यावर ओझं नाही, मान कुणाकडून मोडून घ्यायची नाही, आणि मान मागे टाकायची नाही. अजिबात नाही."

"मान मागे टाकायची नाही?" वेनिंगनं विचारलं.

"मागे टाकली की ही नळी आणखी आवळते. का? काय काम करतात हे?"

वाघाच्या नाचात शेवटी कमान असते. पंख्यासकट कमरेतून आणि मानेतून मागे, मागे वाकत जायचं, मोरपिसं पाठीमागच्या मातीला टेकेपर्यंत. ती टेकली की गाव ओरडतं.

वेनिंगनं सांगितलं. मग डॉक्टरीण सार्वीकडे वळली, त्याच्याकडे नाही.

"बाई, तशी एक कमान पुरे आहे. गळ्याखालचं सगळं जाईल."

"ऑपरेशन केलं तर पहिल्यासारखा होईल?" सार्वीनं विचारलं.

"गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. जे उरलंय ते राखता येईल. थांबलात तर तेही नाही."

बसमध्ये जेमादी खिडकीबाहेर बघत बसला होता. गाव जवळ आलं तसा त्यानं गळ्याचा पट्टा काढला आणि पिशवीत टाकला.

"सणानंतर जाऊ," तो म्हणाला.

* * *

गावाचा सण जवळ आला होता. शिवार, विहिरी, वडाचा पार धुऊन काढायचा, भाताचा पिवळा डोंगर रचून वाटायचा, आणि दुपारी वाघ निघायचा. वाघ निघाल्याशिवाय वर्ष धुतलं जात नाही. या खेपेला जेमादी शेवटचा नाचणार आणि पुढच्या सालापासून वाघ जावई तेगुहकडे जाणार, हे आधीच ठरलं होतं. वेनिंग बांबूच्या घोड्यावरचा नाच करायची. बापाच्या शेवटच्या नाचात तिनं वाघाच्या डोक्यावर बसायचं, हेही ठरलं होतं. लहानपणी ती तशी बसायची, आणि जेमादी तिच्यासकट वाघ उचलायचा.

"मी नाही बसणार," वेनिंगनं बापाला सांगितलं.

"नको बसूस. कमान तरी करीन."

"बाबा, ती काय म्हणाली ऐकलंत ना?"

"ऐकलं गं. तिला मानेचं कळतं. वाघाचं कळत नाही."

घरात तो पट्टा लावायचा, दार वाजलं की काढायचा. एकदा नाचमंडळाचा म्होरक्या दार्सोनो अचानक आला. जाड अंगाचा, मोठ्या मिशांचा, काळ्या कपड्यांवर कमरेला पांढरा जाड दोर गुंडाळलेला. जेमादीला पट्टा सोडता आला नाही, बोटं फितूर झाली. दार्सोनोनं ते पाहिलं आणि तो खो खो हसला.

"हे काय? कुत्र्याचा पट्टा वाघाला?"

"मान जरा अवघडलीय," जेमादी म्हणाला.

"उतरताना अवघडणारच. म्बाह कासेनचीही अवघडली होती. साकिरला पाठवू का, सणाच्या सकाळी एक झटका देईल?"

"नको," सार्वी स्वयंपाकघरातून इतक्या मोठ्यानं म्हणाली की दार्सोनो दचकला. मग पुन्हा हसला. "वहिनी वाघिणीसारख्या डरकाळतात हो!"

त्या दिवशी सार्वीनं ठरवलं.

दातकांडी ज्याची त्याची असते. वर्षानुवर्षांच्या दातांनी तिच्यावर खाचा पडलेल्या असतात, आणि दुसऱ्याच्या कांडीला दात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातलं खाणं. कांडी नसेल तर वाघ उठत नाही. जेमादीच्या कांडीवरचा वेत दर वर्षी सार्वीच बदलायची. सणाच्या आदल्या सकाळी तिनं ती जबड्यातून सोडवली. खाचांवरून बोट फिरवलं. पुढचे दोन दात, बाजूचा तुटका दात, सगळा नवरा त्या लाकडात होता. मग तिनं ती चुलीत सारली आणि वर कढई ठेवून तेम्पेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तुकडे तळायला घेतले. वेत तडतडला. लाकूड लाळेनं आणि तेलानं मुरलेलं, ते फार वेळ पेटेना, नुसतं धुमसत राहिलं. मग एकदम पेटलं.

जेमादी जेवायला बसला. तेम्पे खाल्लं. नंतर पडवीत गेला, आणि सार्वी चुलीपाशी कान देऊन बसली. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो दारात येऊन उभा राहिला, चौकटीला धरून.

"कुठं आहे?"

तिनं चुलीकडे बघितलं.

तिला वाटलं तो ओरडेल. तो हळूच खाली बसला. बसताना गुडघे वाकेनात, म्हणून अखेरचं हातभर अंतर पडलाच. राखेकडे बघत म्हणाला, "चव वेगळी लागली म्हटलं तेम्प्याची."

सार्वीला हसू फुटलं आणि त्यातच रडू. "मला तुम्ही पाहिजे," ती म्हणाली. "पायांवर पाहिजे. मी कुणाला भरवणार नाही."

"मला तरी कुठं बसायचंय," जेमादी म्हणाला. थोड्या वेळानं, खोल गेलेल्या आवाजात, "पण सार्वी, उभा असताना बाजूला झालो तर मी कोण? त्यापेक्षा..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

तिला वाटलं, सुटलो. कांडी नाही, नाच नाही. पण संध्याकाळी दार्सोनोला कळलं आणि तो रागावलाच नाही. त्याचे डोळे चमकले.

"हरवली? जेमादी, हरवली नाही ती. वाघानं घेतली. तुझी नको असेल त्याला." तो उठून उभा राहिला. "म्बाह कासेनची आहे ना जपून ठेवलेली. त्याच्यानंतर ती कुणाच्या दाताला लागली नाही. उद्या तू म्हाताऱ्याच्या हातातून दातांनी घ्यायचीस, सगळ्या गावासमोर. आणि त्याची घेतलीस म्हणजे नाचायचंही त्याच्यासारखंच. कमान त्याच्यासारखी, डोकं मातीला लागेपर्यंत."

जेमादीचा चेहरा उजळला. सार्वीनं तो उजेड पाहिला आणि तिला समजलं, आपण काय करून बसलो.

* * *

सणाच्या सकाळी गाव विहिरी धुण्यात गुंतलं होतं तेव्हा ती म्बाह कासेनच्या पडवीत गेली. म्हातारा उन्हाच्या कवडशात बसला होता, मांडीवर वळलेले हात. बाजूला भरलेली कॉफी, कुणी पाजली नव्हती म्हणून तशीच निवलेली. सार्वीनं कप उचलून त्याच्या ओठांना लावला. तो घोट घोट प्यायला.

"म्बाह, एक विचारू? रागावू नका."

"रागवायला हात उचलावा लागतो, पोरी."

"वाघ आहे का हो तुमच्यात?"

म्हाताऱ्यानं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावरून पोरं गेली, एकानं पाय फाकून चाल करून दाखवली, दुसऱ्यानं डरकाळी फोडली.

"कमरेचा सारोंग ओला झाला की सून नाक मुरडते," तो म्हणाला. "त्यावरून मला कळतं की झाली. मला आतून काही कळत नाही. आज किती वर्षं."

सार्वीनं कप खाली ठेवला.

"आधी चपला जायच्या पायातून. मग सिगारेट. वाकलं की वीज जायची. त्याचंही तेच?"

"तेच."

"मग एका सणाला कमान टाकली आणि उठता आलं नाही. लोकांनी उचलून आणलं, ढोल वाजवत. म्हणाले, वाघ बसला." त्याचे डोळे कोरडे होते. "मी म्हटलं, असेल."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? लुळा माणूस मागच्या खोलीत ठेवतात, सार्वी. बसलेला वाघ पडवीत ठेवतात. मला रस्ता दिसतो इथून."

"त्याला तरी सांगा. तुमचं ऐकेल तो. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही."

म्हाताऱ्यानं मान फिरवली. तेवढीच त्याची फिरायची. "जा तू," तो म्हणाला. "मला पडवी लागते."

* * *

दुपारी वडाखाली माणूस मावत नव्हतं. विलीस डोंगराकडून वारा सुटला होता. वाघ पारापाशी पाठीवर पडला होता, जबडा आभाळाकडे, आणि वाऱ्यानं त्याची सगळी पिसं एकदम शहारायची. हजार डोळे उघडायचे, मिटायचे. तुतारीसारखी किरटी सनई वाजत होती आणि ढोल अजून दबकाच होता. सार्वी पुढच्या रांगेत उभी होती. शालीखाली तिनं पट्टा धरला होता. कशासाठी आणला ते तिलाही सांगता आलं नसतं.

म्बाह कासेनला खुर्चीसकट उचलून आणलं. बाया पुढे होऊन त्याच्या पंजांना हात लावून गेल्या. जेमादी काळ्या कपड्यांत आला. बटणं सकाळी सार्वीनंच लावली होती, एक शब्द न बोलता. तो फाकल्या पायांनी, झुलत आला, आणि गर्दीतून आवाज उठला, "आलाऽऽ, आला!" तुन सगळ्यांच्या वर ओरडत होती.

दार्सोनोनं तांबड्या फडक्यातून जुनी कांडी काढली, म्हाताऱ्याच्या तळव्यात ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर दाबून बसवली. जेमादी गुडघ्यांवर आला. कांडीला दात लावायला त्यानं मान खाली घातली, आणि त्याच्या पाठीतून वीज गेलेली सार्वीनं रांगेतून पाहिली. सगळं अंग एकदा ताठ झालं. लोकांनीही पाहिलं. त्यांनी टाळ्या पिटल्या.

जेमादीनं कांडी दातांत धरली आणि ओढली. ती निघेना.

"म्बाह, सोडा की," दार्सोनो हसून म्हणाला. "इतकी वर्षं जपली, आता नातवाला द्या."

"मनानं कधीच सोडलीय," म्हातारा म्हणाला. आवाज बारीक, पण सनई थांबली होती म्हणून ऐकू गेला. "बोटं सोडत नाहीत. जेमादी, कांडी सोड. हात पुढे कर तुझा."

जेमादीनं मान वर केली. न कळून हात पुढे केला.

"मूठ मीट. आता उघड. भरभर. शाळेतल्या पोरासारखी."

वडाखाली सगळे बघत होते. मूठ मिटली. मग ती उघडायला लागली, एकेक बोट, पीळ सुटावा तशी, आणि करंगळी लांब जाऊन एकटीच उभी राहिली. म्हाताऱ्याची मूठ आणि ती मूठ शेजारी शेजारी होत्या. एकच हात दोन वयांत असावा तशा.

"मी तरुण होतो तेव्हा माझा असाच होता," म्हातारा म्हणाला. "हे पंजे नव्हेत रे. मान मोडलीय माझी. मी आत्ता ओला आहे का ते मला ठाऊक नाही. सुनेला विचारा, तिला ठाऊक असतं."

त्याची सून मागच्या बाजूला उभी होती. तिनं तोंडावर हात धरला आणि मान खाली घातली. कुणी हसलं नाही. एक मूल रडायला लागलं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

दार्सोनोचा चेहरा काळवंडला. त्यानं ढोलवाल्याकडे हात फेकला. "वाजव! म्हाताऱ्याला ऊन लागलंय. वाजव!" ढोल सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात. त्या आवाजाखाली सगळेच हायसं वाटल्यासारखे हलले. मागून कुणी ओरडलं, "कमान! कमान!" मग ते सगळीकडून यायला लागलं.

जेमादी अजून गुडघ्यांवरच होता. तो आपल्या हाताकडे बघत होता. मग त्यानं वाघाकडे पाहिलं. सार्वी रांग सोडून पुढे गेली. तिनं शालीतून पट्टा काढला आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे बसली.

"लावू?"

ढोल डोक्यात घण घातल्यासारखा वाजत होता. त्यानं हनुवटी जराशी वर केली, जशी मूल बटण लावून घ्यायला करतं तशी. तिनं पट्टा लावला. तिची बोटं त्याच्याहून बरी चालली.

"उद्या पहिल्या बसनं," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"हूं."

कुणीतरी मागून दोघांवर थुंकलं. कोण ते तिनं पाहिलं नाही. पण वाघ खाली पडून चालत नाही, सणाला तो उठावाच लागतो, आणि गर्दी आता दुसऱ्या कुणाकडे तरी बघत होती. तेगुह पुढे झाला होता. रुंद खांद्यांचा, हसरा, तिचा जावई. त्याची स्वतःची कांडी त्याच्या कमरेला होती, नवी, जिच्यावर अजून खाचा नव्हत्या. वेनिंगनं त्याचा दंड धरला. तो तिच्याशी काही बोलला, हळुवारपणे तिची बोटं सोडवली आणि पाय फाकून, गुडघे ताठ ठेवून, झुलत झुलत वाघाकडे निघाला.

पोरवयापासून त्यानं ती चाल घोटली होती, हे गावाला माहीत होतं. सार्वी त्याच्या पावलांकडे बघत होती. डाव्या पायाचा चवडा मातीत किंचित घासत होता. ती चाल शिकलेली होती की आलेली, ते तिला ओळखता येईना.

वाघ उठला. पिसांचा पंखा आभाळात उघडला, वारा त्यात शिरला, आणि तेगुहच्या मानेच्या शिरा दोरांसारख्या उठल्या. गाव ओरडलं. खुर्चीत म्बाह कासेन डोळे मिटून बसला होता, मुठीत कांडी तशीच, कुणी ती काढून घेतली नव्हती आणि त्याची खुर्ची उचलायलाही कुणी थांबलं नव्हतं. वेनिंग जागची हलली नाही.

"बघू नका," सार्वी म्हणाली.

जेमादी बघत होता. त्याचा हात तिच्या हातात होता, आणि तिच्या तळव्यात त्याची मूठ मिटत होती, मग सावकाश, फार सावकाश उघडत होती. समोर हजार डोळे मागे झुकायला लागले, मागे, आणखी मागे, मातीकडे.